पहिली नोकरी, सात महिने, आणि ‘इथे माझी जागा कोणती?’

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय २३, पहिल्या नोकरीला सात महिने. काम म्हणजे तक्ते भरणं, दुसऱ्यांनी केलेल्या कामाच्या नोंदी ठेवणं, सांगतील ते आणून देणं. बैठकीला बसवतात, पण तुझं मत कुणी विचारत नाही. घरी खर्चाचा वाटा उचलताना तू मोठा असतोस आणि निर्णयाची वेळ आली की लहान होतोस. शेवटी तू विचारलं आहेस, “इथे माझी जागाच नाही, की मीच अजून मोठा झालो नाही? नोकरी सोडून द्यावी का?” आणि मध्येच, जाता जाता, एक वाक्य लिहिलं आहेस, “मी एखादा दिवस गेलो नाही तरी कुणाचं काही अडत नाही.”

वयाने मी तुझ्या आईएवढी असेन, म्हणून अरे-तुरे करते. २७ वर्षं मशीन शॉपमध्ये, इन्स्पेक्शनला, म्हणजे मशीनवर तयार झालेले धातूचे भाग मोजून पारखायचं काम केलं. त्यातली शेवटची १५ वर्षं स्वतः मोजण्यापेक्षा नव्या मुलामुलींना मोजायला शिकवण्यातच जास्त गेली. तुझं क्षेत्र कोणतं ते तू लिहिलेलं नाहीस. मी माझ्या कामातलेच दाखले देणार, ते तुझ्याकडे कुठे लागू पडतात आणि कुठे नाही हे तू ताडून बघ.

सोडायचं की नाही, याकडे शेवटी येते. आधी ते अडण्याचं वाक्य. मला वाटतं तुझं दुखणं तिथेच आहे. आपल्यात कमी आहे की काय, ही शंका त्यातूनच येते आणि आपण इथे परके आहोत असं वाटणंही त्यातूनच येतं. पण ‘आपल्यावाचून अडलं पाहिजे’ ही इच्छा माणसाला चुकीच्या वाटेने नेऊ शकते. मी अशी माणसं पाहिली आहेत, जी सेटिंगचे आकडे स्वतःच्या खिशातल्या चिठ्ठीवर ठेवायची आणि मशीनच्या वहीत मुद्दाम अर्धवट लिहायची. ती रजेवर गेली की खरोखर अडायचं. लोक त्यांना सांभाळून घ्यायचे, आणि संधी मिळताच त्यांच्यावाचून काम कसं चालेल याची तजवीजही करायचे. असली जागा तुला नको असावी.

मला जी जागा अभिप्रेत आहे ती वेगळी आहे. तू एक काम केलंस, एक आकडा लिहिलास, एक गोष्ट सांगितलीस, आणि पुढचा माणूस ती परत न तपासता तिच्यावर स्वतःचं काम उभं करतो. तो विसंबतो. हे मी कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही. ज्या दिवशी हे मला कळलं तो प्रसंगच सांगते.

मी २२ वर्षांची होते, नोकरीला चारेक महिने झाले होते. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हातातलं उपकरण, तू हाताळला असशील-नसशील, म्हणून थोडं समजावते. त्याच्या स्थिर नळीवर, म्हणजे स्लीव्हवर, एका आडव्या रेषेच्या एका बाजूला मिलिमीटरच्या रेघा असतात आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरच्या. फिरणाऱ्या थिंबलवर ५० भाग. थिंबल एक पूर्ण फेरा फिरलं की पुढचं टोक ०.५ मिलिमीटर सरकतं, म्हणजे एक भाग ०.०१ मिलिमीटरचा. वाचताना थिंबलच्या कडेबाहेर अर्ध्याची रेघ दिसते आहे की नाही हे बघावंच लागतं. दिसत असली तर ०.५ मिळवायचे. नवशिक्याची सगळ्यात ठरलेली चूक हीच. माझीही तीच झाली. शाफ्टचं, म्हणजे गोल दांड्याचं, माप २४.६२ मिलिमीटर होतं, मी वाचलं २४.१२. मापात कमी म्हणून मी १४ शाफ्ट लाल पेटीत टाकले, रिजेक्शनचा शेरा मारला आणि सही केली.

आमचे एक टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर होते, पन्नाशीचे. ते आले, खिशातून स्वतःचा मायक्रोमीटर काढला, दोन शाफ्ट मोजले आणि सगळे चौदा परत उचलून नेले. मला म्हणाले, “ताई, अर्ध्याची रेघ बघितली का?” आणि मी पटकन बोलून गेले, “मायक्रोमीटरच बरोबर नाहीये बहुतेक.” ते काही बोलले नाहीत. त्यांनी साहेबांकडे तक्रारही केली नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस मी सही केलेला प्रत्येक लॉट, म्हणजे एकत्र आलेल्या भागांचा गठ्ठा, ते पुन्हा मोजायचे. माझ्यासमोर, शांतपणे. सही माझी होती, रजिस्टर माझं होतं, टेबलही माझं होतं. पण जागा नव्हती.

चूक तेवढी मोठी नव्हती, हे मला नंतर उमगलं. अर्धा मिलिमीटर सगळेच कधी ना कधी चुकतात. जागा गेली ती ‘मायक्रोमीटर बरोबर नाही’ या वाक्याने. आकडा चुकणाऱ्या मुलीला शिकवता येतं. चुकल्यावर दोष यंत्रावर ढकलणाऱ्या मुलीचा आकडा घ्यायचा तरी कसा?

मग मी काय केलं? शिफ्टच्या सुरुवातीला स्टँडर्ड पीस, म्हणजे नेमक्या माहीत मापाचा तुकडा, लावून मायक्रोमीटरचं शून्य तपासायला लागले आणि तसं रजिस्टरमध्ये लिहायला लागले. मापाच्या कडेवर असलेला जॉब (मशीनवर घडवलेल्या भागाला आम्ही जॉब म्हणतो) दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. शंका असली तर ‘शंका आहे, पुन्हा बघावं’ असा शेरा, तोही सहीच्या आधी. आणि एक दिवस त्या टर्नरकडे जाऊन म्हणाले, “त्या दिवशी मायक्रोमीटर बरोबर होता. मी रेघ चुकले होते.” ते नुसते ‘हं’ म्हणाले. त्यानंतर काही आठवड्यांनी एका दुपारी त्यांनी माझा तक्ता उचलला, वरून खाली नजर फिरवली आणि लॉट सरळ ग्राइंडिंगला, म्हणजे पुढच्या घासकामाला पाठवला. हात खिशाकडे गेलाच नाही. त्यांना ते कळलंही नसेल. मला मात्र तो दिवस आजही लख्ख आठवतो.

आता तुझ्या कामाकडे येऊ. तक्ते भरणं, नोंदी ठेवणं. तुला ते हलकं वाटतं, आणि ते खरोखर हलकं आहे की नाही हे एका गोष्टीवर ठरतं. ती सांगण्याआधी एक दाखला देते. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लायबेरियातल्या शिंप्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तिथे शिकणं कपडा शिवण्याच्या उलट क्रमाने चालायचं. मुलगा आधी काजं-बटणं करायचा, कडा दुमडून शिवायचा. मग शिलाई शिकायचा. बेतायला कात्री हातात मिळायची सगळ्यात शेवटी. यामागचं शहाणपण बघ. बटण चुकलं तर उसवता येतं, बेतताना चुकलं तर कापड वाया जातं. आणि बटणं लावताना तयार कपडा रोज मांडीवर असतो, म्हणजे शेवटी काय जमून यायला हवं हे मुलाच्या नजरेत आधीच बसलेलं असतं. पुढे १९९१ मध्ये लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी यावरूनच मांडलं की नवा माणूस कामात कडेने शिरतो. पण ती कड खऱ्या कामाचीच असते, खेळातली लुटुपुटूची नसते.

तुझे तक्ते ही तुझी काजं-बटणं आहेत. पण त्या मुलाला कपडा दिसत होता. तुला दिसतो का? तू भरलेला तक्ता कुठे जातो, कोण उघडतो, त्यातला कुठला आकडा बघून काय ठरवतो, हे तुला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर सात महिने तू बटणं लावलीस खरी, पण कपडा न बघता. यात सगळा दोष तुझा आहे असं मी म्हणणार नाही. ते दाखवणं वरिष्ठांचं काम होतं. पण कुणी दाखवायची वाट बघत बसलास तर वर्ष निघून जाईल.

माझ्याकडे एक मुलगी ट्रेनी म्हणून आली होती. तिला काम दिलं मेजरमेंट रूमच्या तापमानाचा तक्ता भरायचं. दर दोन तासांनी आकडा आणि शेऱ्याचा रकाना. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, “मॅडम, हा कोण बघतं?” मी खरं ते सांगितलं, की वाद झाला तरच बघतात. ती म्हणाली, वाद कसला? मग तिला समजावलं. लांबीची मापं जगभर २० अंश सेल्सिअसला धरली जातात. पोलाद तापलं की वाढतं, एक मीटरमागे एका अंशाला साधारण ११ ते १२ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे २०० मिलिमीटर लांबीचा जॉब पाच अंशांनी जास्त गरम असला तर सुमारे ०.०१ मिलिमीटर लांब भरतो. जिथे मापात चालणारी एकूण सूटच मिलिमीटरच्या दोन शतांशांची, तिथे त्यातली अर्धी नुसत्या उष्णतेत गेली. त्यामुळे मशीनवरून उतरवलेला गरम जॉब संध्याकाळी मापात असतो आणि सकाळी कमी भरतो, आणि मग दोन शिफ्टची एकमेकांशी जुंपते.

तिने एवढं ऐकलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लागली. ‘जॉब मशीनवरून थेट आला, हाताला गरम.’ ‘दार वीस मिनिटं उघडं होतं.’ कुणी सांगितलं नव्हतं. महिन्याभरात तो वाद झालाच, एका पूर्ण लॉटवरून. दोन्ही बाजू तावातावाने बोलत असताना कुणीतरी तक्ता मागवला, आणि तिच्या अक्षरातली ती एक ओळ तिथे होती. वाद तिथेच मिटला. त्यानंतर मापावरून कुरबूर झाली की माणसं आपणहून म्हणायची, “त्या पोरीला विचारा, तिने लिहिलं असेल.” पगार तोच, पद तेच, तक्ताही तोच. पण लोकांच्या तोंडी तिचं नाव एका नेमक्या गोष्टीशी जोडलं गेलं होतं.

म्हणून नव्या मुलांना मी सांगते की आधी एक लहानशी गोष्ट आपली करून घ्या. एकच. तिच्याबद्दल खात्यात कुणालाही काही हवं असलं तर तुमच्याकडे यावंसं वाटलं पाहिजे. पुष्कळ मुलं याच्या उलट करतात. सगळ्यांना सगळ्यात मदत करतात, प्रत्येक कामाला हो म्हणतात, आणि वर्षअखेरीस त्यांनी नेमकं काय केलं हे कुणालाच सांगता येत नाही. मेहनत असते, पण ती दहा ठिकाणी सांडलेली असते.

‘मला कुणी नीट शिकवत नाही’ ही तक्रार तू केलेली नाहीस, पण ती तुझ्या लिहिण्यात जाणवते. काही जण हातचं राखून शिकवतात, हे खरं आहे. पण त्याहून जास्त वेळा अनुभवी माणसाला सांगताच येत नाही. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ मध्ये हेच मांडलं होतं, की माणसाला शब्दांत सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं. त्याच टर्नरना मी एकदा विचारलं, “टूल, म्हणजे कापणारं हत्यार, बोथट झालं हे तुम्हाला कसं कळतं?” ते म्हणाले, “कळतं.” मला राग आला होता. मग मी प्रश्न बदलला. म्हटलं, “मी शेजारी उभी राहते. आवाज बदलला असं वाटलं की नुसतं बोट वर करा.” दीड तास उभी राहिले. त्यांचं बोट तीनदा वर गेलं. पहिल्या वेळी मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी बोट उचलायच्या आत मी मान वर केली होती.

तेव्हा विचारायची रीत बदलून बघ. ‘हे कसं करायचं?’ असं विचारलंस तर वाकडंतिकडं, अर्धवट उत्तर मिळेल. त्याऐवजी ‘यात तुमची नजर आधी कुठे जाते?’ असं विचार. किंवा स्वतः करून ने आणि म्हण, ‘मी असं केलं असतं, तुम्ही तसं का केलंत?’ माणूस काम करत असताना शेजारी उभं राहायचं, प्रश्न हात थांबल्यावर विचारायचा. आणि उत्तर वहीत लिहायचं. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारलास की समोरच्याची शिकवायची हौस जाते, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

चुकांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण नव्या माणसाची जागा बहुतेक वेळा इथेच घडते किंवा बिघडते. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी रुग्णालयातल्या परिचारिकांच्या गटांमधल्या औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला होता. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या गटांमध्ये चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटेच आले, चांगल्या गटांच्या नावावर चुका जास्त दिसल्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला की त्या गटांमध्ये लोक चूक मोकळेपणाने सांगत होते, म्हणून ती नोंदली जात होती. इतर ठिकाणी ती दाबली जात होती. मी हे वाचलं तेव्हा मला आमचं शॉप आठवलं. एका सुपरवायझरच्या शिफ्टला रिजेक्शनचे आकडे कायम गोंडस असायचे आणि ग्राहकाकडून परत येणारे जॉबही त्याच शिफ्टचे असायचे.

तुझ्यापुरतं याचं तात्पर्य असं, की चूक झाली तर ती तुझ्या तोंडून कळली पाहिजे, आणि लवकर. सांगताना आधी काय झालं ते सांग, मग ते कुठवर पोचलं आहे, मग मी काय थांबवलं आहे, आणि शेवटी मला काय मदत लागेल. कारणं विचारली तर सांग. आधीच कारणांपासून सुरुवात केलीस की ऐकणाऱ्याला तो बचाव वाटतो. हे सगळीकडे चालेल असं मात्र नाही. जिथे चूक सांगणाऱ्याला चारचौघांत उभं करून झापतात, तिथे मी २३ वर्षांच्या मुलाला ‘धीट हो’ म्हणून मोकळी होणार नाही. तिथेही लपवू नकोस, पण आधी एका विश्वासाच्या वरिष्ठाकडे, एकट्याला गाठून सांग. आणि असं एकही माणूस तिथे नसेल तर त्याची नोंद मनात ठेव. ती सोडण्याच्या निर्णयात लागणार आहे.

बैठकीचं फार मनाला लावून घेऊ नकोस. सात महिन्यांच्या माणसाचं मत सहसा कुणी विचारत नाही. तुझ्या तक्त्यातला एखादा आकडा मात्र घेऊन जात जा. त्याचा विषय निघाला की दोन वाक्यांत तो सांग आणि थांब. मत मागायला लोक नंतर येतात, आधी ते माहिती मागायला येतात.

आता ‘मी अजून मोठा झालो नाही का’ या प्रश्नाकडे. तुझ्या वयात असं अधांतरी वाटणं इतकं सार्वत्रिक आहे की जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञाने २००० मध्ये साधारण १८ ते २५ या वयाला जीवनाचा एक वेगळा टप्पाच मानावं असं मांडलं. पूर्ण प्रौढ झालात असं वाटतं का, यावर या वयातले बरेच जण ‘काही बाबतींत हो, काही बाबतींत नाही’ असंच म्हणतात. आणि प्रौढपण कशाने येतं असं विचारलं तर शिक्षण संपणं, नोकरी लागणं, लग्न होणं याला ते फारसं महत्त्व देत नाहीत. स्वतःची जबाबदारी स्वतः घेणं, स्वतःचे निर्णय स्वतः करणं, पैशांच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभं राहणं, या गोष्टी ते आधी सांगतात. यातली एकही एका तारखेला येत नाही. तेव्हा नोकरी लागली त्या दिवशी तू आतून बदलला नाहीस, यात तुझं काही राहून गेलेलं नाही.

घरचं दुखणं मला तुझ्या कामाच्या दुखण्यासारखंच दिसतं. घरचेही तुझं माप पुन्हा मोजताहेत. भरलंस का, पोचलास का, विचारलंस का. हे हक्क मागून थांबत नाही, मी घरात आणि कामावर दोन्हीकडे बघितलं आहे. एक अगदी साधी गोष्ट करून बघ. घरी द्यायची रक्कम आणि तारीख तू स्वतः ठरव, त्यांना सांग, आणि सहा महिने त्या तारखेला न मागता दे. मागितल्यावर दिलेले पैसे आणि न मागता वेळेवर आलेले पैसे रकमेने सारखे असले तरी घरातलं तुझं स्थान त्यामुळे वेगवेगळं होतं. दुसरं म्हणजे, एखादा निर्णय सांगताना तो फसला तर तू काय करशील हेही त्याच दमात सांग. ‘मी हा कोर्स करणार’ एवढंच म्हटलंस की त्यांना धोका दिसतो. ‘करणार, फी माझ्या बचतीतून भरणार, आणि नाही जमलं तर मार्चपासून पुन्हा पहिल्यासारखं चालू’ असं म्हटलंस की बोलणं निदान बरोबरीने होतं. घरची परिस्थिती ओढाताणीची असेल, तुझ्या पगारावरच सगळं चालत असेल, तर मात्र यातलं बरंच काही तुझ्या हातात नाही. तिथे निर्णय पुढे ढकलणं यालाही मी मोठेपणच म्हणेन.

इथवर जे म्हटलं ते थोडक्यात असं: तुझं काम कुठे जातं ते शोध, त्यातली एक गोष्ट आपली कर, चूक स्वतः आणि लवकर सांग. आणि आता सोडण्याबद्दल.

काही कारणं अशी आहेत, की त्यात थांबायचा सल्ला मी देणार नाही. जिवाला धोका आहे आणि सांगूनही कुणी दखल घेत नाही. पगार बुडतो. अंगचटीला येणं, जात-लिंग-दिसणं यावरून टोमणे. न केलेल्या कामावर, न मोजलेल्या मापावर सही करायला लावणं. हे शेवटचं मी मुद्दाम सांगते, कारण नव्या मुलांना ते किरकोळ वाटतं. तुझ्या सहीवर उद्या कुणीतरी विसंबणार आहे. ती एकदा खोटी झाली की तुझं तुलाच तिच्याकडे बघवत नाही. यातलं काहीही असलं तर ‘सहन केलं की माणूस घडतो’ हे ऐकू नकोस, दुसरी सोय बघ आणि नीघ. झोप उडाली असेल, रोज सकाळी पोटात गोळा येत असेल, तर नोकरीचा निर्णय जेव्हा होईल तेव्हा होईल, आधी डॉक्टरांशी बोल.

यातलं काही नसेल, आणि तुझ्या लिहिण्यावरून तरी नसावं असं दिसतं, तर सात महिने लहान की मोठे हे कामाच्या जातीवर आहे. ज्या कामाची फेरी आठवड्यात पुरी होते तिथे सात महिने भरपूर झाले. जिथे एक काम सुरू होऊन हातावेगळं व्हायलाच वर्ष लागतं, तिथे तू अजून एकही फेरी पाहिलेली नाहीस. मी महिन्यांपेक्षा वेगळं काही बघते. दुसऱ्या महिन्यात तुला एकट्याने काय करू देत होते आणि आज काय करू देतात? यादी थोडी तरी वाढली आहे का? तुझ्यापुढे दोन-तीन वर्षं असलेला माणूस आज जे करतो ते तुला करावंसं वाटतं का? चूक झाली की चर्चा कामाची होते की माणसाची?

आणि सोडण्याआधी वरिष्ठांना एकदा सरळ विचार. वेळ मागून, दोघंच असताना. “पुढच्या तीन महिन्यांत पूर्णपणे माझ्यावर सोपवता येईल असं एखादं काम आहे का? सोपवण्याआधी तुम्हाला माझ्यात काय दिसायला हवं?” मला हा प्रश्न २७ वर्षांत फार थोड्या मुलांनी विचारला, आणि ज्यांनी विचारला त्यांना मी रिकाम्या हाताने परत पाठवू शकले नाही. काहीतरी काढून द्यावंच लागलं. तुझ्या वरिष्ठांनी नेमकं काम सांगितलं तर तीन महिने मन लावून कर. ‘बघू, होईल’ असं म्हणाले तर महिन्याने पुन्हा विचार. दुसऱ्यांदाही ‘बघू’च आलं तर शोध सुरू कर, मनात कसलाही सल न ठेवता. पुढची नोकरी हातात आल्याशिवाय ही सोडू नकोस, विशेषतः घर तुझ्यावर असताना.

एक सावधगिरी. लोक विसंबायला लागले की कामं येऊन पडायला लागतात. भरवशाच्या माणसाकडे सगळेच वळतात. हे सुरू झालं की वर्षातून एकदा तरी कागदावर मांडून दाखव की मी आलो तेव्हा हे करत होतो, आता हे करतो, आणि पगार-पद तिथेच आहे. मी हे फार उशिरा शिकले. माझ्यावर विसंबणं हीच मला पावती वाटायची, आणि नऊ वर्षं मी त्यावर काही मागितलंच नाही. तू तसं करू नकोस. विश्वास मिळाला म्हणून मोबदला सोडायचा नसतो.

उद्या कामावर गेलास की एवढं कर. तक्ता भरून झाला की तो लगेच फाइलला लावू नकोस. ज्याच्या टेबलावर तो पुढे जातो त्याच्याकडे स्वतः घेऊन जा आणि विचार, “यातला कुठला रकाना तुम्ही आधी बघता?” तो काय म्हणाला ते मला लिही. आणि कुणीच बघत नाही असं निघालं, तर तेही लिही, मग त्या तक्त्याचं काय करायचं ते बोलू.